इनामगावच्या आकाशात, रात्री १.४५

घटनेची वेळ : गुरुवार, १८ फेब्रुवारी २०१०, रात्री १ वाजून ४५ मिनिटं. ठिकाण : शिरूर तालुक्यातलं इनामगाव, पण जमिनीपासून वीस किलोमीटर उंच. बळी : गॅमा किरणांचा एक कण, वय सुमारे चाळीस कोटी वर्षं. प्रत्यक्षदर्शी : कुणी नाही.

त्या आठवड्यात पुणे जिल्ह्याला स्फोट हा शब्दच नकोसा झाला होता. शनिवारी, १३ तारखेच्या संध्याकाळी, कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बॉम्ब फुटला आणि सतरा माणसं गेली. त्याच आठवड्यात एका प्रकाशकणाच्या शेवटाला दुर्घटना म्हणायला जीभ अडखळते. तरी कणाच्या बाजूनं पाहिलं तर दुसरा शब्द नाही, कारण त्यानंतर त्याचं काहीच उरलं नाही.

एवढं आधीच सांगायला हवं : कण जिथून आला ती दीर्घिका खरी, तिचा त्या आठवड्यातला भडका खरा, तारीख खरी. कण मात्र असंख्यांतला एक, हिशोबानं उभा केलेला. वेळ निवडली ती दीर्घिका शिरूर-दौंडच्या आकाशात सर्वांत उंच येते तेव्हाची.

चाळीस कोटी वर्षं आधी

सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांवरून आपण ध्रुव शोधतो. तीच रेघ ध्रुवाकडे पाठ करून, पुलहाच्या पुढं, दोघांमधल्या अंतराच्या साडेतीन पट लांबवा. नजर जिथं पोचते तिथं नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मार्केरियन ४२१ ही दीर्घिका तिथं आहे. आर्मेनियातल्या ब्यूराकान वेधशाळेचे बेन्यामिन मार्केरियन यांनी अतिनील प्रकाशात जास्त उजळणाऱ्या दीर्घिकांची यादी केली, तिच्यातला हा ४२१वा आकडा.

तिच्या गाभ्यात दहा कोटी सूर्यांहून जास्त वजनाचं कृष्णविवर आहे. त्यात पडणाऱ्या वायूतला काही भाग आत न जाता दोन्ही बाजूंनी झोतासारखा बाहेर फेकला जातो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. असे झोत काही सक्रिय दीर्घिकांना असतात. मार्केरियन ४२१चा एक झोत नेमका आपल्या दिशेला रोखलेला आहे, आणि अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत साधा प्रकाश फेकतात आणि मग त्याच प्रकाशाच्या कणांना धडक देऊन त्यांची ऊर्जा अफाट वाढवतात. आपला कण असाच तयार झाला. ऊर्जा एक टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या साधारण पन्नास हजार कोटी पट.

तो निघाला तेव्हा पृथ्वीवर जमिनीवरच्या वनस्पती गुडघ्याएवढ्या होत्या आणि कणा असलेला एकही प्राणी पाण्याबाहेर आला नव्हता.

मधला काळ

याचे तास मोजण्यात अर्थ नाही. कण ६ कोटी ६० लाख प्रकाशवर्षांवर असताना दख्खनमध्ये लाव्हा उसळत होता. शिरूरच्या घरांच्या जोत्यांतला काळा दगड त्या वेळचा. पन्नासेक हजार वर्षं उरली असताना तो आपल्या आकाशगंगेच्या हद्दीत शिरला.

साडेतीन हजार प्रकाशवर्षं उरली होती तेव्हा मात्र खाली इनामगाव वसलं होतं. घोडनदीच्या काठावरची ही वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी १९६८पासून १९८३पर्यंत तिचं उत्खनन केलं. माणसं बार्ली पिकवत. मेलेलं मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. आणि पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घालून पाट काढला होता. शिरूर तालुक्यात पाण्याला वळण लावण्याचा धंदा एवढा जुना आहे.

बुधवार, १७ फेब्रुवारी, रात्री १.४५ : चोवीस तास बाकी

कण आता २,५९० कोटी किलोमीटरवर आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयजर-१ यानाला एवढं अंतर कापायला ४९ वर्षं लागतात. कणाला एक दिवस.

गंमत अशी की तो ज्या बिंदूकडे चालला आहे तिथं या घडीला काहीच नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दिवसाला सुमारे २६ लाख किलोमीटर सरकते. ती अजून तेवढी मागं आहे. कण आणि इनामगाव, दोघं एकाच मोकळ्या जागेकडे निघाले आहेत.

दौंड जंक्शनवर या वेळी जाग असते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा इथं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडून वळणार. अर्धझोपेत असलेल्या प्रवाशाला गाडी उलटी निघाल्यासारखी वाटते आणि आपण पुण्याहून आलो की मनमाडहून, हेच क्षणभर कळत नाही. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचं असंच होतं. ते बहुतेक प्रोटॉन, अंगावर विद्युतभार. वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी त्यांना इतक्यांदा वळवलेलं असतं की ते आले त्या दिशेला त्यांचं मूळ शोधणं फोल ठरतं. गॅमा किरणांना भार नाही. ते सरळ येतात आणि आपला पत्ता सोबत आणतात. त्यांच्यामागे माणसं इतकी का लागली, त्याचं अर्धं उत्तर हेच.

सकाळी ८.४५ : सतरा तास

सूर्याच्या वाऱ्याची हद्द साधारण एवढ्या अंतरावर संपते. व्हॉयजर-१ने ती २०१२च्या ऑगस्टमध्ये ओलांडली. कणाला ती जाणवतही नाही. खाली ज्वारीची काढणी चालू आहे, गळीत हंगाम ऐन भरात आहे, न्हावरे आणि पाटस इथल्या कारखान्यांकडे उसानं लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेनं चालल्या आहेत.

दुपारी १.४५ : बारा तास

आपल्याकडे ऊन आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात रात्र आहे आणि मार्केरियन ४२१ तिथं माथ्यावर आहे. व्हेरिटास नावाच्या चार दुर्बिणी तिच्याकडे रोखलेल्या आहेत. आपल्या कणाच्या दहा-बारा तास पुढं असलेली तुकडी तिथल्या वातावरणावर आदळते आहे आणि दुर्बिणींच्या नोंदी वर चढत चालल्या आहेत. या क्षेत्रात माप म्हणून क्रॅब तेजोमेघ धरतात, कारण त्याचा उजेड स्थिर असतो. मार्केरियन ४२१ एरवी त्याच्याहून मंदच. त्या रात्री व्हेरिटासला ती क्रॅबच्या सुमारे २७ पट तेजस्वी दिसली.

इथं थांबून न आलेल्यांची चौकशी करायला हवी.

आपल्या कणाबरोबर दहापट ऊर्जेचे, दहा टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टचेही कण निघाले होते. त्यांतले दहातले तीन-चारच पोचले असतील. एक टेराचे दहातले सात-आठ. बाकीचे कशावर आदळले? दगड-धुळीवर नव्हे. प्रकाशावर. दीर्घिकांमधला अवकाश आपण रिता समजतो. प्रत्यक्षात आजवर जेवढे तारे पेटले त्यांचा बराचसा प्रकाश अजून तिथंच भटकतो आहे, आणि धुळीनं गिळून अवरक्त रूपात परत टाकलेलाही. एरवी दोन प्रकाशझोत एकमेकांतून आरपार जातात. पण एक कण प्रचंड ऊर्जेचा असेल तर दुसरा साधा कणसुद्धा त्याला पुरतो : दोघांची टक्कर होते, दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन जन्माला येतो. अट एकच, दोघांच्या ऊर्जांचा गुणाकार ठराविक मर्यादेच्या वर गेला पाहिजे. म्हणून एक टेराच्या कणाला धोका ताऱ्यांच्या उजेडातल्या अवरक्त कणांचा, सुमारे सव्वा मायक्रॉन तरंगलांबीच्या. दहा टेराच्या कणाला त्याहून दहापट क्षीण, तापलेल्या धुळीतून आलेल्या कणांचा. आणि त्याच्याही शंभरपट वर, जिथं महास्फोटातून उरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण पुरेसं ठरतं, तिथं हालत इतकी बिकट की कण तीसेक हजार प्रकाशवर्षांत संपतो. आपल्या आकाशगंगेचा व्याससुद्धा त्याला ओलांडता येत नाही.

म्हणजे जितका ताकदवान, तितका लवकर बळी. आणि बळी घेणारा तितकाच दुबळा.

सोव्हिएत शास्त्रज्ञ निकिशोव्ह यांनी १९६२ सालीच हे मांडलं होतं. तेव्हा असा एकही कण कुठल्याही दुसऱ्या दीर्घिकेतून येताना कुणी पाहिला नव्हता. पहिला पाहिला तो तीस वर्षांनी, १९९२मध्ये, ॲरिझोनातल्याच व्हिपल दुर्बिणीनं, आणि तो याच मार्केरियन ४२१चा होता. मग लोकांच्या लक्षात आलं की हे मोजमाप उलटंही वाचता येतं. ताऱ्यांचा साठलेला प्रकाश थेट मोजायला गेलं तर आपल्याच सूर्यमालेतल्या धुळीची चमक आड येते. पण वेगवेगळ्या अंतरांवरच्या ब्लेझारांतून कुठल्या ऊर्जेचे किती कण गळाले हे पाहिलं, तर वाटेत किती प्रकाश होता ते निघतं. २००६ साली नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी दोन दूरच्या ब्लेझारांवरून दाखवलं की ही वाट समजली जात होती त्यापेक्षा मोकळी आहे. २०१८मध्ये फर्मी उपग्रहाच्या गटानं सातशेहून अधिक ब्लेझार घेऊन हिशोब केला : दिसणाऱ्या विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर सोडलेले प्रकाशकण म्हणजे चारावर चौऱ्याऐंशी शून्यं. आकड्याचा थाट सोडा. तो आला कुठून ते मला जास्त भावतं. गैरहजेरीच्या नोंदींतून.

मेलेल्यांच्या मागं जे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन उरतात तेही गप्प बसत नाहीत. ते महास्फोटाच्या प्रारणातल्या थंड कणांना धडकून त्यांचे नवे गॅमा किरण करतात. दहा टेराच्या मूळ कणाचे वारस त्याच्या शंभराव्या भागाइतक्या ऊर्जेचे. पण इलेक्ट्रॉनांना भार असतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना थोडं वाकवतं आणि वारस भलत्या दिशेनं, उशिरा येतात. काही ब्लेझारांपासून ते अपेक्षेइतके आलेच नाहीत. यावरून दीर्घिकांमधल्या पोकळीतही अगदी क्षीण का होईना चुंबकीय क्षेत्र असलंच पाहिजे, असं नेरोनोव्ह आणि वोव्क यांनी याच वर्षी, २०१०मध्ये, मांडलं.

संध्याकाळी ६.४३ : सात तास

घोडनदीवर सूर्य नुकताच मावळला होता, आणि साधारण ईशान्येला मार्केरियन ४२१ उगवली. आता तिचे कण तिरपे का होईना इथल्या हवेवर पडायला लागले. आपला कण अजून प्लूटोच्या पलीकडच्या अंतरावर आहे.

रात्री ८.१५ ते १२.२५

प्लूटोचं सरासरी अंतर सव्वाआठला, नेपच्यूनचं ९.३५ला, शनीचं १२.२५ला पार. ही फक्त अंतरं. कणाची वाट ग्रहांच्या पातळीतून नाही, वरून येते आहे. मधे, नवाच्या सुमाराला, फाल्गुनातली कोवळी कोर मावळली.

रात्री १.०० : पाऊण तास

भारनियमनाचे दिवस. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट मिळते ती पुष्कळदा रात्रीच. बाराला लाईट आली की मोटार चालू करून उसाला दारं धरायला निघायचं : पायांत चपला नाहीत, एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, डोक्याला मफलर. एका सरीत पाणी पोचलं की तिचं तोंड ढेकळांनी बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं. पाण्याचा आवाज बदलला की सरी भरली, हे अंधारात कानाला कळतं. बॅटरी लागते ती साप आणि बिबट्यासाठी. या भागातल्या उसात बिबट्याची मादी पिलं घालते, त्यामुळे माणूस उगाच खाकरतो, मोबाइलवर गाणं लावतो. वर बघायला सवड कुणाला?

१ वाजून ३६ मिनिटं ४१ सेकंद

पृथ्वीपासून सूर्य जितका दूर, तितकं अंतर बाकी. पृथ्वीनं आपली २६ लाख किलोमीटरची उधारी जवळजवळ फेडली आहे. स्वतःभोवती फिरत इनामगावही जागेवर येतं आहे.

१ वाजून ४४ मिनिटं ५८.७ सेकंद

चंद्राचं अंतर.

शेवटचा सेकंद

शंभर किलोमीटरवर हवा सुरू होते. तिथून जमीन एका सेकंदाच्या तीन हजाराव्या भागावर. चाळीस कोटी वर्षं ज्यानं ताऱ्यांचा प्रकाश चुकवला तो आता नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणूंत घुसला आहे. वीसेक किलोमीटरवर, जिथं वातावरणाचा साधारण विसावा भागच ओलांडून झाला आहे, तो एका अणुकेंद्रकाच्या विद्युत क्षेत्रात सापडतो आणि संपतो. मागं इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन. अवकाशात जे प्रकाशानं केलं असतं तेच इथं हवेनं केलं.

पंचनामा करायचा तर हद्दीचा वाद होईल. दीर्घिका माथ्यापासून साडेएकोणीस अंश उत्तरेला कललेली, म्हणजे इनामगावावर रोखलेला कण फुटला तो सरळ वर नव्हे, सात किलोमीटर उत्तरेला. घोड ओलांडली की श्रीगोंदा तालुका. जिल्हाही दुसरा.

पुढचं सगळं एका सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागात. जोडीतला प्रत्येक कण नवा गॅमा किरण सोडतो, त्यातून नवी जोडी, तिच्यातून पुन्हा. नऊ-दहा किलोमीटरवर, जिथून विमानं जातात, तिथं कणांची संख्या हजारावर गेलेली असते. मग वाटणीत ऊर्जा पुरेनाशी होते आणि वर्षाव विझतो. जमिनीवर यातला जवळजवळ एकही कण पोचत नाही.

पोचतो तो निळसर उजेड. हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो, आणि हे इलेक्ट्रॉन त्याच्याहून जोरात धावत असतात. तेव्हा हवेतून चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. इनामगावच्या उसावर, सरींतल्या पाण्यावर, दारं धरणाऱ्याच्या मफलरवर, सव्वाशे मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ काही अब्जांश सेकंद उजळलं. उजळलं म्हणजे किती? चौरस मीटरला शंभरेक प्रकाशकण. अडीचशे डोळे वर लागले असते तर त्यांतल्या एकाच्या बाहुलीत एक कण गेला असता.

रात्री १.४५ नंतर

भडक्याच्या त्या दिवसांत ढोबळ हिशोबानं प्रत्येक चौरस किलोमीटरवर सेकंदाला एखादा असा कण फुटत होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांचं क्षेत्र मिळून अडीच हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे त्या दोन तालुक्यांवर दर सेकंदाला अडीच हजारांच्या आसपास. त्यांच्याहून कितीतरी जास्त वर्षाव विश्वकिरणांच्या प्रोटॉनांचे. त्यातून गॅमाचे निवडून काढणं हाच दुर्बिणवाल्यांचा खरा व्याप. त्यासाठी काळोख, कोरडी हवा आणि उंची लागते. साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीच्या, उसाचं पाचट जळणाऱ्या, रांजणगावच्या कारखान्यांचे दिवे क्षितिजावर दिसणाऱ्या या पट्ट्यात ती दुर्बीण कुणी लावणार नाही.

ती लडाखमध्ये हानलेला होती, ४,३०० मीटरवर. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांच्या हगार या सात दुर्बिणी २००८पासून तिथं काम करत होत्या. मुंबईहून वर्षा चिटणीस आणि त्यांचे सहकारी त्यामागं होते. १३ ते १९ फेब्रुवारीच्या भडक्यात हगारनं मार्केरियन ४२१ टिपली. हगारच्या मापात ती सर्वांत जास्त, क्रॅबच्या सहा-सात पट, १७ तारखेला भरली. त्यावरचा शोधनिबंध २०१२ साली आला. त्याच पठारावर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचं उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. तिच्या कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशनळ्या आहेत, आणि अशा दुर्बिणींच्या ठरलेल्या लक्ष्यांत मार्केरियन ४२१ असतेच.